दांडिया बाजारच्या काकूंना, आमच्या झोआंच्या वतीने

काकू,

व्हॉट्सॲपवर थँक यू लिहिलं असतं तर तुम्ही एक अंगठा पाठवून विषय संपवला असता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे पक्कं माहितेय. बडोद्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दादा नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि त्याचा खाऱ्या पाण्याचा टँक माझ्याकडे आला. सगळे सॉफ्ट कोरल, म्हणजे कठीण सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ: झोआ (गठ्ठ्याने वाढणारे, छोट्या फुलांसारखे), मशरूम, एक मोठा लेदर, आणि दोन क्लाउनफिश ज्यांना आई राजा-राणी म्हणते. पावसाळा संपत आला तसे झोआ मिटायला लागले, आधी एक गठ्ठा, मग शेजारचा, दिवे लागले तरी उघडेनात. आणि ज्याला विचारावं तो औषधच सांगतोय. कोणी म्हणे अँटिबायोटिक टाक, कोणी म्हणे आयोडीन, एका दुकानदाराने तर "सगळ्या रोगांवर चालते" म्हणत एक बाटलीच पुढे केली होती. सगळ्या रोगांवर चालणारं औषध माणसांसाठी अजून निघालं नाही, कोरलसाठी बरं निघालं!

तुम्ही गणपतीत आरतीला आलात, प्रसादाची वाटी हातात तशीच, आणि टँकसमोर उभ्या राहिलात त्या राहिलातच. मग म्हणालात, "आधी रिपोर्ट, मग गोळी. काही टाकू नकोस पाण्यात." अख्खी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये केलेल्या बाईकडून दुसरं काय येणार म्हणा. पण आमचा टँक वाचला तो या एका वाक्यावर.

अँटिबायोटिक का नाही ते तुम्ही सांगितलंत तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की टँकच्या दगडांत आणि वाळूत जे बॅक्टेरिया राहतात तेच माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात, ते मेले की अमोनिया चढतो आणि मग कोरलही जातात आणि राजा-राणीही. फ्लोरिडाचं पण तुमच्याकडूनच कळलं. 2014 मध्ये मायामीजवळ कठीण कोरलवर तो मांस गळून पडणारा रोग आला, तिथे डायव्हर लोक अमॉक्सिसिलिनची पेस्ट करून पाण्याखाली जाऊन एकेका कोरलच्या रोगाच्या कडेला हाताने लावतात. फक्त कडेला. "ते लोक एवढं जपून लावतात आणि तू अख्ख्या टँकमध्ये ओतायला निघालीस?" मी निघाले नव्हते हो काकू, मी फक्त विचारत होते!

तर रिपोर्ट. पहिला पाण्याचा. तुम्ही तुमचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचा मीटर, आणलात, 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) सोल्युशनने आधी तो सेट केलात, मग आमचं पाणी बघितलंत, तर 35 हवं तिथे 38. दादाचा मीटर तीनने कमी दाखवत होता. बडोद्यात मे महिन्यात 42-43 होतं, तेव्हा टँकवर पंखा लावला की पाणी उडून दोन-तीन डिग्री थंडावा मिळतो, पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ सगळं खालीच राहतं, त्यामुळे भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याने, खाऱ्या नाही. आणि पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पंख्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणजे नेमकं तेव्हा चिलर नाहीतर एसी. आता पाणी 26 च्या आसपास ठेवतो आणि बाबा लाइट बिल बघून काही बोलत नाहीत, फक्त बघतात.

पाणी 30 च्या वर बरेच दिवस राहिलं की कोरलच्या आत राहणारं बारीक शेवाळ, झूझँथेली, ते बाहेर पडतं आणि कोरल पांढरं पडतं. त्याचं बरंचसं जेवण त्या शेवाळातूनच येतं, त्यामुळे पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नाही, उपाशी आहे, आणि वेळेत थंडावा मिळाला तर परत रंग धरतं. लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 मध्ये हेच झालं, पण समुद्राला कोण एसी लावणार.

सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, हळूहळू खाली आणली. मशरूम फुलले, झोआ तसेच. तेव्हा तुम्ही म्हणालात की आता दुसरा रिपोर्ट, आणि तो रात्रीचा. नवरात्र चालू होतं, बाहेर गरब्याचा दणदणाट, सगळी सोसायटी नटूनथटून निघालेली आणि आपण दोघी अंधारात लाल टॉर्च घेऊन काचेला नाक लावून. लाल उजेडात रात्री निघणारे जीव लपत नाहीत हेही तेव्हाच कळलं. आणि दिसला! जेमतेम अर्धा सेंटिमीटर, झोआच्याच रंगाचा, झालरही तशीच. झोआ खाणारा न्युडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय. जे खातो त्याचाच रंग घेतो म्हणून दिवसा समोर असून दिसत नाही. झोआच्या देठाशी अंड्यांची पांढरी वेटोळी पण होती. म्हणजे हा रोगच नव्हता, कीड होती, आणि कुठलंही अँटिबायोटिक तिचं काही वाकडं करणार नव्हतं.

पुढचं सगळं तुमच्याच पद्धतीने केलं, ते लिहून ठेवते कारण मला आता दोघा-तिघांनी विचारलंय. झोआचे सगळे तुकडे बाहेर, वेगळ्या छोट्या टँकमध्ये. सगळे, एकही मागे नाही, कारण हा किडा दुसरं काही खात नाही, मोठ्या टँकमध्ये झोआच नसले की तिथे उरलेसुरले उपाशी मरतात. मग डिप. टँकमधलंच पाणी बादलीत काढायचं, त्यात कोरल डिपचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि कोरल त्यात धरून ड्रॉपरने जोरात फवारे मारायचे की किडे सुटून तळाला पडतात. दुसऱ्या बादलीत स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळायचं. डिपचं पाणी परत टँकमध्ये अजिबात नाही. अंडी डिपने मरत नाहीत, ती चिमट्याने आणि जुन्या टूथब्रशने खरवडायची, आणि तरी एखादं राहतंच म्हणून दर पाच-सात दिवसांनी परत डिप, काही आठवडे, मध्ये "आता बरे दिसतायत" म्हणून थांबायचं नाही. आयोडीन यासाठी नाहीच, ते कापलेल्या जागेसाठी, पाणी फिकट चहाच्या रंगाचं होईल इतपतच. आणि बेटाडीनचा स्क्रब तर मुळीच नाही, त्यात साबण असतो. कीड वेगळी, जखम वेगळी, हे तुम्ही मला इतक्या वेळा ऐकवलंत की आता आईसुद्धा म्हणते.

पण काकू, सगळ्यात जास्त आभार हातमोज्यांसाठी. मला वाटलं होतं तुम्हाला लॅबची सवय आहे म्हणून. झोआ आणि त्यांच्या भावकीतल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, विकणाऱ्यांनी तर नाहीच. 1971 मध्ये हवाईच्या पॅलिथोआतून ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं आणि निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांत ते मोजतात. हाताला चीर असेल, घासताना डोळ्यात उडालं, तरी पुरे. आणि झोआ असलेला दगड उकळायचा किंवा त्यावर गरम पाणी ओतायचं हे तर कधीच नाही, परदेशात नुसत्या त्या वाफेने अख्खी घरं हॉस्पिटलमध्ये गेली आहेत. हा मजकूर वाचून कोणी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण हातमोजे आणि चष्मा लक्षात ठेवा रे.

मध्येच लेदरने घाबरवलं ते वेगळंच. एक दिवस मिटला, अंगावर मेणासारखी चकचकीत साय, आईने तर "गेला बिचारा" म्हणून टाकलं. मी फोटो पाठवला, तुमचं उत्तर एका ओळीचं: "कात टाकतोय, वेव्हमेकर जरा त्याच्याकडे कर, हात लावू नकोस." (वेव्हमेकर म्हणजे टँकमधलं पाणी हलवणारा पंप.) साय निघून गेली आणि पॉलिप, म्हणजे त्याची बारीक फुलांसारखी तोंडं, बाहेर. म्हणजे दोन कोरल मिटलेले, एकाला आठवडे डिप आणि दुसऱ्याला फक्त वारा, म्हणजे पाण्याचा झोत. ती बाटली ओतली असती तर दोघांनाही तेच मिळालं असतं.

आणि हो, तो फोन. एक जण कठीण कोरलचा तुकडा स्वस्तात देत होता, फोटोत हिरवागार चमकत होता, मी तुम्हाला कौतुकाने सांगितलं आणि तुम्ही जे सुनावलंत! 1972 च्या वन्यजीव कायद्यात सगळे कठीण कोरल शेड्यूल एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, घरात ठेवायचा प्रश्नच नाही. बघायचेच असतील तर जामनगरकडे नराऱ्याला जा म्हणालात, मरीन नॅशनल पार्कात, ओहोटीची वेळ आणि परवानगी बघून, समुद्र मागे हटला की चालत जाऊन जिवंत कोरल बघता येतात, फक्त काही उचलायचं नाही, मेलेलं पण नाही. दादा दिवाळीत येतोय तेव्हा बेत आहे, तुम्ही येताय, नाही म्हणायचं नाही.

आता झोआ मोठ्या टँकमध्ये परत गेलेत आणि उघडतात. नवीन काहीही आलं की आधी डिप, मग छोट्या टँकमध्ये काही आठवडे, रात्रीचा टॉर्च, मगच गृहप्रवेश. आणि डिपचं किंवा टँकचं पाणी, तुटलेले तुकडे, काहीही आमच्या विश्वामित्री नदीत जात नाही. मगरींना आधीच कमी व्याप आहेत का!

केशरी झोआचा एक फ्रॅग, म्हणजे छोटा तुकडा, तुमच्यासाठी वेगळा काढलाय. माझ्याकडून डिप झालाय, पण तुम्ही घरी नेऊन परत करणारच आहात, म्हणून बाटलीपण सोबत देतेय. रविवारी संध्याकाळी आणून देते, आणि आईने लिलो चिवडा केलाय तोही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची टँकवाली