काकू, आभार मानायचे राहून गेले

ती. काकूंस,
सा. नमस्कार.

परवा फ्रीमाँटला तुमच्या दारात माझी जुनी गाडी लावली, तेव्हा आभारच मानायचे होते. तुम्ही थालीपीठ पुढे केलंत आणि विषय बदललात. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

शनिवारी नवी गाडी घेतली, सह्या झाल्या, किल्ली हातात. शुक्रवारी डीलरचा फोन: बँकेनं कर्ज नाकारलं, मेलवर नवा करार पाठवलाय, सही करा. व्याज ६ टक्क्यांवरून ११, वर २,००० डॉलर रोख. बदल्यात दिलेली माझी गाडी? "ती विकली." मी सही करायला बसलोच होतो. रूममेट म्हणाला होता, तीन दिवसांत गाडी परत करता येते, तेही उलटलेले.

तुम्ही करार मागितलात. डीलरकडे वर्षानुवर्षं हिशेब लिहिलेलं माणूस करार शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतं, हे तेव्हा कळलं. तीन दिवसांची गोष्ट चहाच्या पहिल्या घोटातच निकालात. शोरूममध्ये घेतलेल्या नव्या गाडीला तो नियम लागूच नाही म्हणालात. मग एका कलमावर बोट ठेवलंत. कॅलिफोर्नियातल्या त्या छापील करारात, कुठलीच बँक कर्ज द्यायला तयार झाली नाही तर डीलरला १० दिवसांत सौदा मोडता येतो. पण मोडला तर माझंही सगळं परत द्यायचं, डाउन पेमेंट आणि जुनी गाडीसुद्धा. "नवा करार म्हणजे नवा सौदा. नको तर नको म्हण."

त्या नव्या करारावर तारीख मात्र आधीच्या शनिवारची. मला ती टापटीप वाटली होती! तुम्ही चष्मा वर सारून विचारलंत, "जो करार तेव्हा नव्हताच, त्याचं त्या दिवसापासून व्याज भरणार का रे?"

दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत आलात, पर्स मांडीवर घेऊन बसलात. मॅनेजर बोलत राहिला, तुम्ही एवढंच म्हणालात, "चेक आजच ना?" मिळाला. आणि 'विकलेली' गाडी मागच्या आवारात धूळ खात उभी होती.

नकाराचं कारण बँकेकडून लेखी मागायला लावलंत, तेही पत्र आलं: क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, अपुरी. आता क्रेडिट युनियनकडून, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेकडून, कर्ज आधीच मंजूर करून घेतलंय. येत्या शनिवारी मोकळ्या आहात का? करार आधी तुम्ही वाचायचा, मगच माझी सही.