सूचना : ४ ऑक्टोबरच्या आधी एवढं वाचून ठेवा

मंडळी, 'काँक्रीट रेव्होल्युटिओ' ही अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका येत्या रविवारी, ४ ऑक्टोबर २०१५ रोजी जपानमध्ये सुरू होतेय. बोन्स स्टुडिओ, दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा, लेखक शो आइकावा. २००३ ची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही अ‍ॅनिमे मालिकाही याच त्रयीची, त्यामुळे माझी उत्सुकता जरा हाताबाहेर गेली आहे, सांभाळून घ्या.

मालिकेतल्या जपानमध्ये शोवाऐवजी (म्हणजे सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीच्या, १९२६ ते १९८९ या युगाऐवजी) 'शिन्का' नावाचं युग चालू आहे. अतिमानव, जादूगार मुली, परग्रहवासी, भुतंखेतं, सगळे खरे आणि एकाच देशात. नायक जिरो हितोयोशी त्यांची नोंद ठेवणाऱ्या, त्यांना सांभाळणाऱ्या कार्यालयात काम करतो. म्हणजे महाशक्ती असली तरी सरकारी कागद चुकत नाही! मला तर मारामारीपेक्षा हेच बघायचंय.

खरा शोवा काळ थोडा माहीत असेल तर मजा वाढेल. युगाच्या वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन येतो : शोवा ३९ म्हणजे १९६४. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंकानसेन ही बुलेट ट्रेन पहिल्यांदा धावली आणि टोकियो ऑलिंपिक झालं. त्याआधी १९६० मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी विद्यापीठं बंद पाडली. सुपरहिरो नेमके कुणाच्या बाजूने उभे राहतील, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पहिला भाग पाहिल्यावर बुधवारपर्यंत गटात कथा फोडू नका. गेल्या वेळी कुणी फोडली ते सगळ्यांना ठाऊक आहे, नाव घेत नाही.