फेऱ्या झाल्या, आता मांड्यांकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात पहाटे फेऱ्या मारणारे ज्येष्ठ दिसले की बरं वाटतं. हृदयाला आणि साखरेला चालणं चांगलंच. पण ओल्या शहाबादीवर पाय सटकला की सावरायला मांडीत जोर लागतो, आणि सपाटीवर चालून तो फारसा वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारख्या हालचालीशिवाय दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगितले आहेत. आपल्याकडे पहिलं होतं, पुढचं राहून जातं.

तपासणी घरीच होते. सुमारे १७ इंच उंचीची घट्ट खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर दुमडून, पावलं जरा मागे घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं, ते दुसऱ्याने मोजावं. पासष्ट ते एकोणसत्तर वयात पुरुषांच्या १२ आणि बायकांच्या ११ पेक्षा कमी उठबशा भरल्या तर पडण्याचा धोका जास्त समजतात. व्यायामही हाच: आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ, एक दिवसाआड. चूक बहुधा बसताना होते. शेवटच्या वीतभरात अंग सोडून धपकन बसतात. खाली येताना मनात तीन आकडे मोजा, ताकद तिथेच कमावली जाते. श्वास कोंडू नका, रक्तदाब चढतो. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर घोंगडीची जाड घडी ठेवावी, जमू लागलं की काढावी. तोलासाठी स्वयंपाकाच्या ओट्याला बोटं टेकवून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या.

स्नायूला खाणंही हवं. या वयात वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर घट्ट आमटीत पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साधारण तेवढीच. रात्री भात आणि पातळ सारावर भागवलं की हिशेब तिथेच तुटतो. हुलग्याची उसळ आणि दही वाढवा. (आपल्या कुंदा या मिठाईत दूध असतं हे मान्य, पण ती यात धरू नये.) मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

न्हाणीत आधाराला टॉवेलची दांडी धरतात. ती दोन बारीक स्क्रूंवर असते, माणसाच्या वजनाने उपटून येते. फरशीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर, विटेत खोल रुतणाऱ्या अँकर बोल्टवर स्टीलची मूठ बसवून घ्या. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं; रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी एकदम उठलं की भोवळ येते.

कट्ट्यावर किंवा भजनाला जाणं बंद करणाऱ्याला घरचे तिरसट ठरवतात, तेव्हा त्याला नीट ऐकू येत नसेल अशी शंका आधी घ्यावी. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर उपाय करता येतो अशा १४ गोष्टी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडल्या, त्यांत कमी ऐकू येणं आहे. प्रथम कानातला मळ तपासून घ्या. यंत्र लागलं तर सुरुवात शांत घरात, रोज थोडे तास करावी. मंगल कार्यालयातल्या लग्नात पहिल्यांदा लावलं की ते कायमचं कपाटात जातं. मेंदूला सरावायला काही आठवडे लागतात.

आणि एक मागणी. बागांतल्या ओपन जिममध्ये पाय झुलवायचं यंत्र असतं, त्यात झोकाच काम करतो, स्नायूवर भार जेमतेम पडतो. महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी त्याऐवजी कमरेइतक्या उंचीचे दोन समांतर कठडे आणि १७ इंच उंचीचं, पाठ टेकता येईल असं बाकडं बसवावं. खर्च त्याहून कमी येईल, आणि फेऱ्या संपवून गप्पा मारणारी मंडळी तिथेच उठबशा काढतील.

– एक फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी, बेळगाव