जहाजावरचं जेवण: ठरलेली पंगत की वाटेल तेव्हा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला क्रूझच्या तयारीवरचा लेख वाचला. व्हिसा, सामान, समुद्र लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, सगळं नीट दिलं आहे. खटकलं ते जेवणाच्या वेळेबद्दलचं. रात्रीच्या जेवणाला ठरलेली वेळ घेऊ नका, लवचिक वेळच घ्या, सुट्टीत घड्याळाची कटकट नको, एवढं सांगून लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळले आहेत. गेल्या वर्षी मी यजमानांबरोबर बार्सिलोनाहून सुटणाऱ्या जहाजावर होते. आम्ही दोघंही शाकाहारी, त्यात ह्यांना मधुमेह, रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन. आमच्यासारख्यांनी हा सल्ला पाळला तर काय होतं, ते लिहिते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मोठ्या जहाजावर हजारो प्रवासी असतात आणि मुख्य भोजनगृहात सगळे एका वेळी मावत नाहीत. म्हणून पूर्वापार दोन पंगती. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला, आणि दोघंच असाल तर शेजारी कोण बसणार तेही बहुतेक ठरलेलं. दुसरा प्रकार लवचिक वेळेचा. भोजनगृह उघडं असेपर्यंत केव्हाही जा, जे टेबल रिकामं होईल त्यावर बसा. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ या नावाखाली पंगतींची पद्धतच मोडीत काढायला सुरुवात केली. रॉयल कॅरिबियन लवचिक वेळेला ‘माय टाइम’ म्हणते, कार्निव्हल ‘युअर टाइम’ म्हणते, पण या दोन्ही कंपन्यांकडे ठरलेली वेळही मागता येते. डिस्नीच्या जहाजांवर तिसरीच तऱ्हा: जेवायची वेळ ठरलेली, पण रेस्टॉरंट रोज वेगळं, आणि वेटर तुमच्याबरोबर तिकडे येतो. ज्यानं कुणी हे शोधून काढलं त्याच्या घरी नक्की म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही असणार.

वाद तसा जुनाच. टायटॅनिकवरसुद्धा पहिल्या वर्गाच्या भोजनगृहाखेरीज एक वेगळं रेस्टॉरंट होतं. ज्यांना बाकीच्यांबरोबर ठरल्या वेळी बसायचं नसे ते जास्तीचे पैसे मोजून तिथे जेवत. म्हणजे ‘वाटेल तेव्हा’ ही त्या काळी श्रीमंतांची चैन होती. आता ती सरसकट सगळ्यांना मिळते, म्हणून ती सगळ्यांच्या सोयीची आहे असं मात्र नाही.

आमच्या बुकिंगमध्ये एजंटानं आम्हाला न विचारता लवचिक वेळ टाकून दिली होती. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘काकू, हल्ली सगळे हेच घेतात.’’ बरं म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी सात वाजता आम्ही केबिनमधून निघालो. ह्यांचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. ते टोचलं की ताट वेळेवर पुढे हवं, नाहीतर साखर खाली जाते. घरी काही प्रश्न नसतो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की हे पेन काढतात, वरण-भात वाढेपर्यंत अर्धा तास होतो. इथे भोजनगृहाच्या दारात पोहोचलो तर रांग गालिच्यावरून वळण घेऊन पार लिफ्टपर्यंत गेलेली. साडेसहा ते साडेसात ही तिथे सगळ्यांचीच आवडती वेळ, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या मुलीनं हसून हातात टेबल रिकामं झालं की वाजणारं एक यंत्र ठेवलं, दहा-पंधरा मिनिटं म्हणाली. हे टोचून आलेले. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. ह्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला तसा मी पर्समधला राजगिऱ्याचा लाडू काढला आणि त्या झुंबराखाली, सूट-बूट घातलेल्या लोकांच्या रांगेत, ह्यांनी तो उभ्या उभ्या खाल्ला. शेजारच्या बाईंना वाटलं असेल, बिचारे उपाशी आहेत.

कुणी म्हणेल, टेबलावर बसल्यावर टोचायचं. जेवायला बसतानाच घ्यायची इन्सुलिनं आता मिळतात, ज्यांना ती दिलेली आहेत त्यांना हा त्रास कमी. ह्यांचं तसलं नाही, आणि सहलीपुरतं औषध बदलायला आमचे डॉक्टर तयार नव्हते. कुणी असंही म्हणेल की जहाजाच्या अ‍ॅपवरून लवचिक वेळेतही टेबल राखून ठेवता येतं. येतं की. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर सव्वापाच आणि सव्वानऊ एवढ्याच वेळा शिल्लक होत्या. शिवाय रोज सकाळी उठून रात्रीच्या जेवणाची वेळ राखायची, तर ती लवचिक वेळ राहिली कुठे?

त्या दुपारी मी सरळ भोजनगृहाच्या मुख्य व्यवस्थापकाकडे गेले. लेखात नसलेली आणि सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही, की जहाजावर चढल्यावरही वेळ बदलून मागता येते. पहिल्याच दुपारी त्यासाठी कर्मचारी बसलेले असतात आणि कुठे बसलेत ते जहाजाच्या दैनिक पत्रकात किंवा अ‍ॅपवर दिलेलं असतं. जागा असेल तर लगेच, नाहीतर प्रतीक्षा यादीत. मी एक दिवस उशिरा गेले तरी त्यांनी इन्सुलिनचं ऐकल्यावर दुसऱ्या पंगतीत, सव्वाआठला, सहा जणांच्या टेबलावर दोन खुर्च्या दिल्या. पहिली पंगतही दाखवली होती. साडेपाचला म्हणजे आमची चहाची वेळ. तेव्हा जेवून बसलं तर रात्री दहाला पुन्हा पोटात कावळे, मग वरच्या मजल्यावर पिझ्झ्याचे तुकडे हुडकत फिरा. ज्यांच्या घरी चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्याचं जैन व्रत, पाळतात त्यांना मात्र पहिली पंगत उत्तम, आणि हे त्यांना एजंटानं आधी सांगायला हवं.

त्या टेबलावरचा वेटर मडगावचा निघाला. आम्ही आपसात मराठीत बोललेलं ऐकून दुसऱ्या मिनिटाला त्यानं मला मावशी केलं. मी यादीतलं ‘फ्रेंच अनियन सूप’ दाखवलं, कांद्याचं सूप म्हणजे आपल्याला चालेल अशा हिशेबानं. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘‘मावशी, हें नाका.’’ ते सूप गाईच्या हाडांच्या पाण्यात करतात. सीझर सॅलड दिसायला नुसता पाला, पण त्यावरच्या सॉसमध्ये मासळी असते. पाना कोटा नावाचं ते पांढरं, थरथरणारं गोड जिलेटिनवर, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या पदार्थावर, घट्ट करतात. परमेजान चीजला दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं. नाव वाचून यातलं एकही कळत नाही. यादीत शाकाहाराची खूण असते, पण ज्यावर ती नाही त्यातलं काय काढून टाकलं तर आपल्याला चालेल, ते स्वयंपाकघराला विचारून सांगणारं माणूस लागतं.

हे माणूस रोज तेच असण्यात ठरलेल्या वेळेचा खरा फायदा आहे. ज्यांचं पथ्य आहे त्यांच्यासाठी वेटर गोडाच्या वेळी उद्याची यादी घेऊन येतो. आपण आदल्या रात्रीच खुणा करायच्या, म्हणजे मुदपाकखान्यात वेगळं करून ठेवायला त्यांना दिवसभर मिळतो. तिसऱ्या रात्री टोमॅटोच्या सुपात हाडांचं पाणी नव्हतं, कारण आमच्यापुरतं ते वेगळं शिजलं होतं. त्याच्या पुढच्या रात्री डाळ आली, जिरं तडतडवलेली, आणि बशीत चिरलेली हिरवी मिरची. ह्यांचं सूप तर आम्ही खुर्चीत टेकायच्या आत टेबलावर असायचं, कारण सव्वाआठला येणार म्हणजे पावणेआठला टोचून येणार, हे त्या पोरानं पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं होतं. लवचिक वेळेत रोज नवं टेबल, नवा वेटर, आणि रोज पहिल्यापासून सुरुवात: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, हो, चिकनसुद्धा मांसच. तिथेही ओळखीच्या वेटरच्या भागात बसवा म्हणून सांगता येतं, पण मग त्याचं टेबल रिकामं होईपर्यंत थांबायचं.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर ते नशीब. आमच्या टेबलावर एक स्कॉटिश जोडपं होतं, गप्पिष्ट आणि छान, आणि एक वडील-मुलगा होते जे जेवणभर फोनमध्ये बघत. खपून गेलं.

आता लवचिक वेळेची बाजू, कारण तीही खरी आहे. माझी सून दीड वर्षाच्या नातवाला घेऊन सिंगापूरहून क्रूझला गेली होती. ते पोर केव्हा झोपेल, केव्हा उठेल आणि केव्हा थाळी जमिनीवर भिरकावेल याचा नेम नाही. तिनं लवचिक वेळ घेतली, साडेपाचला दार उघडताच जायची आणि साडेसहाची गर्दी यायच्या आत बाहेर. तिला रांग ठाऊकही नाही. तसंच जहाज रोज नव्या बंदराला लागत असेल तर पहिल्या पंगतीचा जाच होतो. रोमसाठी जहाज चिव्हितावेक्कियाला लागतं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरायचं, तेही अंतर असंच. दिवसभर पायपीट करून बस परत येते ती संध्याकाळी, तेव्हा साडेपाचच्या पंगतीला बसायचं म्हणजे कोलोसियम बघून अंघोळ न करता जेवायचं. आमच्या दुसऱ्या पंगतीला हे जाणवलं नाही. अंघोळ, चहा, थोडी पाठ टेकणं, सगळं होऊन साडीही नीट नेसता यायची.

नाटक-गाण्यांच्या कार्यक्रमांचं गणित लेखात अजिबात नाही. जहाजावर तेही बहुधा रात्री दोनदा होतात आणि पंगतींशी जुळवलेले असतात: दुसऱ्या पंगतीचे लोक आधीचा खेळ बघून जेवायला जातात, पहिल्या पंगतीचे जेवून नंतरच्या खेळाला. लवचिकवाल्यांनी आपलं आपण जमवायचं. आणि पहिला खेळ सुटला की ते सगळे एकदमच भोजनगृहाकडे येतात, रांग पुन्हा लिफ्टपर्यंत.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. ठरलेली वेळ म्हणजे वसतिगृहाची हजेरी नव्हे. एखाद्या रात्री जावंसं वाटलं नाही तर वर बुफे असतोच, केबिनमध्येही मागवता येतं. आम्ही नेपल्सच्या दिवशी पॉम्पे बघून इतके थकलो होतो की बुफेमधूनच भात-दही घेऊन आलो. मडगावच्या पोराला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, एवढंच. उलट दहा-बारा जणांचा गट, म्हणजे आपल्याकडे सर्रास निघतात तसे भावंडं आणि व्याही मिळून, त्यांनी लवचिक वेळेच्या भानगडीत पडूच नये. दोघांना टेबल पटकन मिळतं. बारा जणांना एकत्र बसवायला तीन टेबलं एकाच वेळी रिकामी व्हावी लागतात, तोवर निम्मे लोक बुफेत जेवूनही येतात.

पुण्यातून क्रूझला जाणारे आता थोडेथोडके नाहीत. मुंबईहून कॉर्डेलिया 2021 पासून सुटते आहे, सिंगापूरच्या सहलीला क्रूझ जोडायची पद्धत तर त्याआधीपासूनची. यातले बरेच जण साठीच्या पुढचे, बरेच शाकाहारी, आणि गोळ्यांचा डबा तर प्रत्येकाच्या पिशवीत. आमच्या एजंटाच्या अर्जात टोपीचा रंग विचारलेला होता. जेवणाची वेळ विचारलेली नव्हती. वास्तविक बुकिंगच्या वेळीच ती नोंदवायची असते आणि पथ्याची सूचनाही जहाज सुटायच्या बऱ्याच आधी कंपनीला कळवावी लागते. तेव्हा शहरातल्या सहल कंपन्यांना आपल्या पत्रामार्फत विनंती, की अर्जात तीन चौकोन छापा: पहिली पंगत, दुसरी पंगत, लवचिक. त्याखाली इन्सुलिन घेता का, आणि काय खात नाही, यासाठी दोन ओळी रिकाम्या सोडा. आणि प्रवाशानं खूण केल्याशिवाय आपल्या मनानं काही भरू नका. पुरवणीच्या पुढच्या अंकात हे छापलंत तर आमच्या संघातली जी मंडळी दिवाळीनंतर निघणार आहेत, त्यांना अर्ज भरण्याआधी वाचता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सहकारनगर, पुणे