वर्ग पांगू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला फोन केला की तुम्ही ‘ते राहू दे, बाळ काय म्हणतंय?’ असं विचारून विषयच बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या मनातलं यात आहे.

तीन वर्षांच्या एलएलबीला नाना तऱ्हेची माणसं येतात. आपल्याकडे बँकेतले होते, पोलीस खात्यातले होते, नुकतीच बी.कॉम. झालेली पोरं होती, घरचं आवरून धावत येणाऱ्या आम्ही होतो आणि निवृत्तीनंतर कायदा शिकायला आलेले तुम्ही. शेवटचा पेपर झाला आणि कोणी ठाण्यात कोर्ट नाक्याला गेलं, कोणी कल्याणला, कोणी बेलापूर कोर्टात, कोणी ऐरोली-महाप्याच्या कंपन्यांत. तरी आपण एकमेकांना धरून राहिलो ते तुमच्या वहीमुळे. कोण कुठल्या सिनियरकडे आहे, कोणाची वकिलीची सनद आली, कोणाची ती सनद पक्की करणारी बार परीक्षा राहिली, हे तुम्ही लिहून ठेवलंत. कोण घरी बसलंय, हेसुद्धा लिहिलंत. नोकरी लागलेला माणूस आपणहून बातमी कळवतो, ज्याचं काही जमत नाही तो गप्प होतो. तुम्ही फोन आधी त्या गप्प झालेल्यांना करायचात.

त्यात मी होते. सनद तात्पुरती होती, आणि बार परीक्षा दोन वर्षांत सुटली नाही तर वकिली थांबते. बाळ लहान, अभ्यासाला बसायचं कधी? या परीक्षेला टीपा नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. तुम्ही तुमची पुस्तकं घरी आणून दिलीत आणि म्हणालात, ‘पाठ करू नकोस, कुठलं कलम कुठे आहे ते बोटांना कळू दे.’ तसंच केलं. पास झाले.

पुढचं काम तर मला मागावंही लागलं नाही. आपल्या वर्गातली एक जण नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांचं मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स), म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं काम, करत होती आणि तिला हाताखाली माणूस हवं होतं. तिची गरज आणि माझी अडचण, दोन्ही तुमच्या वहीत होत्या. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तेव्हापासून हेच माझं काम झालंय. सोसायटी नोंदवल्यावर बिल्डरने चार महिन्यांत जमीन नावावर करून द्यायची असते. इथे इमारती जुन्या झाल्या, पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तरी कित्येक ठिकाणी जमीन बिल्डरच्याच नावावर. मग मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, प्रत्येक सदनिकेचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, सगळं जमवून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. किचकट आहे, पण आदेश हातात आल्यावर म्हाताऱ्या सभासदांचे चेहरे पाहिले की मन भरून येतं. काका, त्या प्रत्येक आदेशात तुमचा वाटा आहे.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना कळायला हवी. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. कोर्टाचं तोंडही न पाहता याच पदाच्या, म्हणजे जेएमएफसीच्या, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या आपल्या धाकट्या मुली त्या दिवशी खचल्या होत्या. तुम्ही निकाल वाचलात आणि संध्याकाळी एकेकीला समजावलंत की ही वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजली जाणार आहेत, म्हणजे रडत बसण्यात दिवस घालवू नका. नुसतं सांगून थांबला नाहीत. वर्गातले जे कोर्टात रुळले होते, त्यांना त्यांच्या सिनियरकडे शब्द टाकायला लावलात. आज त्या मुली रोज बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघतात, तारखा घेतात, रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाची नोंद, वाचतात. त्यांतली एक परवा कल्याणला भेटली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ४८२ चं, म्हणजे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं, काम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ५२८ मध्ये गेलं आणि नव्या ४८२ मध्ये अटकपूर्व जामीन आला, हे तिने मला इतक्या सहज सांगितलं की मी बघतच राहिले.

माझ्याकडची बातमी अशी, की पुढच्या महिन्यापासून कोर्ट नाक्याजवळ एका वकिलांच्या ऑफिसात मला स्वतःचं टेबल मिळतंय. वहीत माझा पत्ता बदला. आणि आता सगळे फोन तुम्ही एकट्याने करू नका, बेलापूर-पनवेलकडच्यांचे मी करीन. आपल्यातल्या दोघींचा अजून पत्ता लागलेला नाही. एकीचं सासर उरणला आहे, एवढं कळलंय. पनवेल कोर्टातल्या आपल्या मित्राला मी आजच विचारते.

तुमच्या वर्गातली,
नौपाड्याची वकीलीणबाई