बाबा, त्या दाढेचं आता करून टाकूया

प्रिय आई, बाबा,

फोनवर दाढेचा विषय काढला की बाबा लगेच फोन आईकडे देतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव त्यांना.

गणपतीत आले तेव्हा सगळं बघितलं मी. बाबा, तुम्ही मोदकसुद्धा एकाच बाजूने खात होतात, भाकरी आमटीत पार भिजवून भिजवून, आणि रात्री दोन वाजता उठून फडताळात लवंगा शोधत होतात, मी जागीच होते. सकाळी विचारलं तर म्हणालात काही नाही गं, आणि हजारो रुपये कोण घालवणार त्या दाढेवर, पडेल आपली आपण.

पैशाचं खरंय, नाही म्हणत नाही. तुमचा विमा नाही, आणि असता तरी साध्या मेडिक्लेममध्ये दातांचं सहसा बसत नाही, अपघातात दात तुटला वगैरे असेल तरच. इथे डोंबिवलीत मला माझ्याच दाढेचे रूट कॅनाल आणि कॅप मिळून साडेनऊ हजार सांगितले होते, ते पण मी खुर्चीवर आडवी झाल्यावर, तोंड उघडं असताना. तशीच उठून आले.

पण बाबा, अडलंय ते पैशावर नाही हे मला माहितीये. आत्याने सांगितलंय मला. तुम्ही सहावीत होतात, बाजाराच्या दिवशी आजोबांनी नेलं, बाकावर बसवलं, दोघांनी दंड धरले आणि सुन्न न करताच दाढ उपटली. एवढं झाल्यावर कोणाला भीती नाही वाटणार? यात लाजण्यासारखं काही नाही. मला तर असं काही झालेलं नसताना पण त्या मशीनच्या आवाजाने तळहात ओले होतात.

म्हणून मी आधी स्वतः जाऊन आले. सीएसएमटीच्या जवळ, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे. सकाळी लवकर जायचं, केसपेपर काढायचा, आधी तपासणीच्या विभागात बघतात, एक्सरे काढतात आणि मग ज्या त्या विभागात पाठवतात. रांग असते, वेळ लागतो, एका कामाला दोन-तीन खेपा होतात. पण फी सरकारी दराची, बाहेरच्या मानाने खूपच कमी, आणि आधी पावती मग काम, त्यामुळे किती होणार ते कळतं. काम शिकणारी मुलं करतात हे खरं, पण वरचे सर येऊन बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत.

मला जी मुलगी मिळाली तिला मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, मला फार भीती वाटते. तिने हातातलं सगळं खाली ठेवलं. म्हणाली, दुखलं किंवा नुसतं थांबावंसं वाटलं तरी डावा हात वर करा. आधी कापसाने हिरडीला जेल लावलं, थांबली, मग सुई, आणि औषध इतकं हळूहळू सोडलं की मला कळलंच नाही कधी संपलं. इंजेक्शन जास्त दुखतं ते औषध घाईने ढकललं की. मध्ये मी खरंच हात वर केला, काहीच दुखत नव्हतं, फक्त बघायला की थांबते का. लगेच थांबली. पाणी दिलं, आणि मी मान हलवल्यावरच परत सुरू केलं. आणि बाबा, तिने नंतर जे तात्पुरतं सिमेंट भरलं ना त्याला आपल्या लवंगेचाच वास! लवंगेच्या तेलातलंच औषध असतं म्हणे त्यात.

तिने अजून एक सांगितलं ते नीट ऐका. दाढेत पू झाला, सूज आली की सुन्न करायचं औषध तिथे नीट लागत नाही. म्हणजे जितकं पुढे ढकलाल तितकं तुम्ही ज्याला घाबरताय तेच जवळ येणार. त्यात तुमची शुगर, हिरडीत इन्फेक्शन असलं की शुगर आटोक्यात येत नाही आणि शुगर वाढली की हिरडी बरी होत नाही, असं ते चालूच राहतं.

आई, वरची दाढ काढली की नजर जाते असं आता बाबांसमोर बोलू नकोस प्लीज. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. शेजारच्या काकूंना दिसेनासं झालं ते मोतीबिंदूमुळे. आणि तू पण येणारेस, मशेरीने तुझ्या गालात आतून जो पांढरा चट्टा आलाय तो मला त्यांना दाखवायचाय, तो अजिबात राहू द्यायचा नाही.

इतक्या लांब नकोच वाटत असेल तर आधी आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा, दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण मला विचाराल तर इकडेच या, मी सोबत असेन.

पुढच्या रविवारी रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडा, दोन्ही लोअर बर्थ बघते मी. ठाण्याला उतरा, मी प्लॅटफॉर्मवर असेन. सोमवारी आराम, मंगळवारी जाऊ, रजा टाकलीये. बाबा, शुगरच्या गोळ्या आणि ती रक्त पातळ करायची गोळी, सगळी फाईल घेऊन या, आणि दाताचं आहे म्हणून मनाने कुठली गोळी बंद करू नका, ते डॉक्टर सांगतील. सकाळी नाश्ता करूनच निघायचं, उपाशी नाही.

मंगळवारी फक्त तपासणी आणि एक्सरे, एवढंच त्यांना सांगणार आहे मी. सुई नाही. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढचं काही होणार नाही, मी तिथेच उभी असेन.

तुमची,
बाय