माझी पहिली रेकॉर्ड आणि तुझा डावा कान

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर भाजी फोडणीला टाकता टाकता तू म्हणालीस, "डाव्या कानात रात्री किणकिण होते गं, पण चालायचंच." मग बढतीचं सांगितलंस. बाबा तेव्हाच उठून पेढे घेऊन आले. माझं लक्ष मात्र त्या किणकिणीवरच राहिलं. आज कानाचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. माळा आवरताना माझी पहिली रेकॉर्ड सापडली, तेवढंच सांगायचं होतं.

1979 साल. आप्पा कापडाच्या मागावर जायचे, मी कॉलेज सुटलं की सुताच्या कांड्या भरायचे. दिवाळीपर्यंत साठलेले पैसे घेऊन एसटीनं कोल्हापूरला गेले, ती सिनेमातल्या चार गाण्यांची छोटी तबकडी घ्यायला. दुकानात कुणासाठी तरी किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावला होता. मी पायरीवरच थांबले. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री, अशी ती एलपी. पन्नासाची नोट मोडली, तिकिटापुरते सुटे उरले. उन्हानं तबकडी वाकते असं दुकानदारानं बजावलं होतं, म्हणून खिडकीची जागा मिळालेली सोडली आणि ती छातीशी धरून इचलकरंजीपर्यंत उभ्यानं आले.

घरी वाजवायला काहीच नव्हतं! पलीकडच्या मास्तरांकडे एचएमव्हीचं फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होतं, तिथं रात्री सगळे जमलो. आप्पाही आले. बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. आधी त्यांना सायकलची घंटा ऐकू येईना, मग चिमण्या, मग आम्हा बायकांचं बोलणं. ते त्या पेटीवर तळवा टेकून बसले. तबल्याबरोबर त्यांचं एक बोट हलत होतं, ठेका बरोबर धरलेला. मला वाटलं, ऐकू येतंय. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई कधी गाणार गं?"

ताई तेव्हा वरच्या षड्जावर होत्या.

बघ, आले ना फिरून कानावरच. मनू, आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं, तुला सांगणारे आहेत. 85 डेसिबलच्या वर आठ-आठ तास गेले की कान बिघडतो, आणि आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. दिवसभर कॉलवर हेडफोन, रात्री झोपतानाही तेच. आवाज कमी ठेव, तासाभरानं कान मोकळे सोड, कापसाची काडी घालू नकोस, आणि ती ऑडिओमेट्री की काय ती ऐकू येण्याची तपासणी आधी करून घे. काकीचं ऐकून तेल तर मुळीच घालू नकोस.

रागावू नकोस. तू बत्तीस वर्षांची आहेस आणि मी तुला शाळेतल्यासारखी सांगत बसले. मोठी टीम सांभाळतेस, घरभाडं एकटी भरतेस. बाबा गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलेत, मीही सांगते.

त्या भुपावर एक चरा आहे, आठवतो? सुई तिथं अडायची आणि एकच तान तीनदा यायची. तू चार वर्षांची असताना तो भूप गुणगुणायचीस, आणि बरोबर त्या जागी तीच तान तीनदा म्हणायचीस. तुला वाटायचं, राग असाच असतो. मास्तर हसले नाहीत, म्हणाले, "पोरीचा कान पक्का आहे." तो कान, मनू.

रेकॉर्ड जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून शनिवारी बाबांबरोबर पुण्याला पाठवते आहे. उभी ठेव, खिडकीजवळ नको. डॉक्टरांची वेळ शुक्रवारच्या आत घे आणि मला नुसता वार आणि वेळ कळव. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही, पण तू म्हणालीस तर ते दोन दिवस जास्त राहतील आणि तुझ्याबरोबर येतील.

तुझी,
आई